वाचकांचे प्रश्न : विजेच्या गाडीने लांबचा प्रवास

विजेच्या गाडीने लांबचा प्रवास करणाऱ्या आणि करू इच्छिणाऱ्या वाचकांच्या पत्रांतून काही प्रश्न पुन्हा पुन्हा येत आहेत. त्यांतील निवडक प्रश्न येथे गरजेपुरते संक्षिप्त करून घेतले आहेत. हिशेब सोपा राहावा म्हणून उत्तरांत शक्यतो एकच नमुना गाडी धरली आहे : माणसे आणि सामान धरून १,८०० किलो वजनाची, बेताच्या उंचीची आणि प्रत्यक्ष वापरता येतील अशी ६० युनिट वीज साठवणारी. युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, वीजबिलावर असते तेच. युनिटने विजेचा साठा मोजतात आणि किलोवॅटने ती भरण्याचा किंवा खर्च होण्याचा वेग. पत्रांमध्ये या दोहोंची बरीच गल्लत दिसते, म्हणून हा खुलासा आधीच केलेला बरा.

प्रश्न : माझ्या गाडीची प्रमाणित रेंज ४८० किलोमीटर आहे. शहरात ती जवळपास तेवढी मिळते. पण महामार्गावर ३२० किलोमीटरच्या पुढे गाडी कधी गेलेली नाही. बॅटरीत दोष आहे, की आकडाच फुगवून सांगितला आहे?

तुमच्या वर्णनावरून यांपैकी काहीही झालेले दिसत नाही. प्रमाणित रेंज प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून, ठरलेल्या क्रमाने वेग कमी-जास्त करत मोजली जाते. युरोपात २०१७ पासून लागू झालेल्या डब्ल्यूएलटीपी या पद्धतीतील चक्र ३० मिनिटांचे आणि सुमारे २३ किलोमीटरचे असते. त्यातील कमाल वेग ताशी १३१ किलोमीटर असला, तरी सरासरी वेग ताशी केवळ ४६.५ किलोमीटर असतो. त्याआधीची एनईडीसी पद्धत याहूनही सौम्य होती. अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संरक्षण संस्थेची पद्धत प्रयोगशाळेतील आकड्याला साधारणपणे ०.७ ने गुणून तो खाली आणते, त्यामुळे तेथील आकडे महामार्गावरच्या अनुभवाच्या बरेच जवळ जातात. आकडा खोटा नसतो. तो वेगळ्या प्रकारच्या प्रवासाचा असतो, एवढेच.

महामार्गावर नेमके काय बदलते, ते आपल्या नमुना गाडीवरून पाहू. टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणासाठी दर किलोमीटरला सुमारे ५० वॅट-तास (एक हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट) लागतात आणि वेग वाढला तरी हा खर्च फारसा बदलत नाही. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरला तो किलोमीटरमागे सुमारे ५३ वॅट-तास मागतो, १०० ला ८४ आणि १२० ला १२०. यांत मोटर व इलेक्ट्रॉनिक्समधील घट, दिवे, एसी वगैरेंचा खर्च मिळवला, की एकूण खर्च ताशी ८० ला किलोमीटरमागे सुमारे १२३ वॅट-तास, १०० ला १५६ आणि १२० ला १९५ होतो. म्हणजे ६० युनिटांत हीच गाडी अनुक्रमे सुमारे ४९०, ३८५ आणि ३१० किलोमीटर जाईल. तुमचे दोन्ही आकडे या हिशेबात चपखल बसतात.

पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांनी आपल्याला उलटी सवय लावली आहे, हेही लक्षात घ्यावे. त्यांचे इंजिन शहरातल्या थांबत-चालत जाण्यात इतके इंधन वाया घालवते, की मोकळ्या रस्त्यावर ॲव्हरेज सुधारते. विजेची मोटर कमी वेगातही काटकसरी असते आणि वेग कमी करताना काही वीज बॅटरीत परतही पाठवते. त्यामुळे तिच्या बाबतीत शहर स्वस्त आणि महामार्ग महाग पडतो. माझा आग्रह असा, की गाडीची ओळख एका रेंजच्या आकड्याने करून घेऊ नये. ताशी ९०, १०० आणि ११० ला आपली गाडी किलोमीटरमागे किती वीज घेते, हे तीन आकडे स्वतःच्या डॅशबोर्डवरून नोंदवून ठेवावेत. प्रवासाचा बहुतेक सगळा हिशेब त्यांतूनच निघतो.

प्रश्न : वेग कमी ठेवला की वीज वाचते, हे पटले. पण चार्जिंगचा वेळ धरून एकूण प्रवास लवकर कशाने संपतो, हळू गेल्याने की वेगाने?

याचे उत्तर वाटेत कोणत्या शक्तीचे चार्जर मिळणार यावर अवलंबून आहे. वाटेत भरलेल्या विजेवर आपली नमुना गाडी १०० किलोमीटर चालवायची आहे, असे समजा. चार्जरवर सरासरी ४५ किलोवॅटने वीज मिळत असेल, तर ताशी ८० ने गेल्यास गाडी चालवण्याची ७५ मिनिटे आणि वीज भरण्याची १६ मिळून ९१ मिनिटे होतात. ताशी १०० ने ६० आणि २१ मिळून ८१, आणि ताशी १२० ने ५० आणि २६ मिळून ७६. म्हणजे १०० वरून १२० वर गेल्याने रस्त्यावर वाचलेल्या दहा मिनिटांपैकी निम्मी चार्जरपाशी परत द्यावी लागतात.

चार्जर दुबळा असेल तर चित्र पालटते. सरासरी २२ किलोवॅट मिळत असेल, तर ताशी १०० आणि १२० या दोन्ही वेगांनी एकूण वेळ १०२-१०३ मिनिटांच्या आसपासच राहतो. वाढवलेला वेग अक्षरशः फुकट जातो. सात किलोवॅटवर तर ताशी ८० ने जाणारा ताशी १२० ने जाणाऱ्याच्या अर्ध्या तासाहून अधिक आधी पोहोचतो. उलट सरासरी १२० किलोवॅट देणारा चार्जर असेल आणि गाडीला ती घेता येत असेल, तर वेग वाढवण्याचा जवळपास पूर्ण फायदा मिळतो. अर्थात ही सगळी चर्चा रस्त्याच्या वेगमर्यादेच्या आतली आहे.

या हिशेबात न दिसणारी एक गोष्ट मात्र व्यवहारात फार महत्त्वाची ठरते. प्रत्येक थांब्याला वीज भरण्याच्या वेळेव्यतिरिक्त काही मिनिटे लागतातच : मुख्य रस्ता सोडणे, जागा शोधणे, गन म्हणजे चार्जरच्या वायरचे टोक गाडीला लावणे, ॲपवरून व्यवहार सुरू करणे, पुन्हा रस्त्याला लागणे. वेग थोडा कमी करून एखादा थांबा पूर्णच टळत असेल, तर तो टाळावा. प्रवास ३०० किलोमीटरचा आहे, निघताना बॅटरी पूर्ण भरलेली आहे आणि पोहोचताना १० टक्के शिल्लक हवी आहे, असे धरा. हाताशी ५४ युनिट आहेत. ताशी १२० ने ती सुमारे २७५ किलोमीटर पुरतील, म्हणजे एक थांबा आलाच; ताशी ११० ने ३१० किलोमीटर पुरतील. ताशी ११० ने विनाथांबा जायला १६४ मिनिटे लागतात. ताशी १२० ने १५० मिनिटे लागतात खरी, पण त्या छोट्याशा थांब्याची सहा मिनिटे आणि त्याच्या आजूबाजूची आठ-दहा मिनिटे धरली, की वेळ तेवढाच होतो. शिवाय तो चार्जर मोकळा आणि चालू स्थितीत मिळेल, हे गृहीत धरावे लागते ते वेगळेच.

प्रश्न : कंपनीच्या माहितीपत्रकात १२० किलोवॅट लिहिले आहे, चार्जरवर ५० किलोवॅट लिहिले होते, आणि पडद्यावर ४३ च्या वर आकडा गेला नाही. पुढे तर तो घसरत १८ वर आला. यात चूक कोणाची?

चूक कोणाचीच नाही. मर्यादा मात्र तीन ठिकाणी आहेत. पहिली चार्जरची. पन्नास किलोवॅटचे अनेक चार्जर जास्तीत जास्त १२५ अँपिअर प्रवाह देतात. गाडीच्या बॅटरीचा दाब ३५० व्होल्टच्या आसपास असेल, तर १२५ गुणिले ३५० म्हणजे ४४ किलोवॅटच्या आतच आकडा थांबणार. दुसरी मर्यादा जागेची : एकाच यंत्राला दोन गन असतील आणि शेजारी दुसरी गाडी लागलेली असेल, तर पुष्कळ ठिकाणी शक्ती दोघांत वाटली जाते. मोकळी गन आणि मोकळे यंत्र यांत फरक आहे, म्हणून पर्याय असेल तेव्हा संपूर्ण मोकळे यंत्र निवडावे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची मर्यादा बॅटरीची. चार्जिंग होताना लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, बॅटरीतील ग्राफाइटच्या थरांमध्ये शिरून बसतात. बॅटरी बरीच रिकामी असताना त्यांना जागा सहज मिळते, म्हणून साधारण १० ते ४० टक्क्यांच्या दरम्यान गाडी सर्वांत जास्त शक्ती घेते. जसजशी बॅटरी भरते, तसतसे आयन आत शिरायला वेळ लागतो. त्या वेळी प्रवाह तसाच रेटला, तर लिथियम आत न जाता ग्राफाइटच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचू लागते आणि त्याने बॅटरीचे कायमचे नुकसान होते. म्हणून गाडीची नियंत्रण-यंत्रणा स्वतःहून प्रवाह कमी करते, आणि तुमचा आकडा १८ वर आला तो त्यामुळेच. बॅटरी थंड असतानाही हाच धोका असतो. म्हणून थंडीत पहाटे चार्जिंग रेंगाळते. बॅटरी फार तापलेली असेल तरीही यंत्रणा प्रवाहाला लगाम घालते. माहितीपत्रकातला १२० हा आकडा कमाल शक्तीचा असतो आणि तो योग्य तापमानाला, योग्य टक्केवारीवर, काही मिनिटेच टिकतो.

यातून प्रवासाचा एक साधा नियम निघतो. जलद चार्जरवर बॅटरी १० ते १५ टक्क्यांवर आलेली असताना पोहोचावे आणि ७० ते ८० टक्क्यांना निघावे. अनेक गाड्यांना १० ते ८० टक्के भरायला जितका वेळ लागतो, जवळपास तितकाच शेवटच्या २० टक्क्यांना लागतो. त्या वेळात पुढच्या चार्जरवर कितीतरी अधिक किलोमीटर मिळाले असते. पुढचा टप्पा खरोखरच लांब असेल, किंवा पुढे चार्जर नसेल, तरच ८० च्या पुढे थांबावे. मागे गाड्यांची रांग असताना ९५ वरून १०० वर जाण्यासाठी गन अडवून ठेवणे हा इतरांवर अन्याय आहे, हे येथे स्पष्ट म्हणावेसे वाटते.

ज्या गाड्यांत बॅटरी आधी योग्य तापमानाला आणण्याची सोय आहे, त्यांत चार्जिंग स्टेशनला पोहोचण्याचे ठिकाण म्हणून नेव्हिगेशनमध्ये टाकावे. अशा बऱ्याच गाड्या तेवढ्यावरून वाटेतच बॅटरी तयार करू लागतात.

प्रश्न : मुक्कामाच्या ठिकाणी २२ किलोवॅटचा एसी चार्जर होता, तरी माझ्या गाडीने ७ किलोवॅटच घेतले. असे का?

येथे एसी म्हणजे गाडी थंड करणारा एसी नव्हे, तर घरात येते तशी, दिशा बदलत राहणाऱ्या प्रवाहाची वीज. एसी चार्जिंगमध्ये चार्जरचा खांब ही वीज फक्त पोहोचवतो. तिचे डीसीत, म्हणजे बॅटरीला लागणाऱ्या एकाच दिशेच्या प्रवाहात, रूपांतर गाडीतला ऑन-बोर्ड चार्जर करतो. तो एका फेजवर ३२ अँपिअरचा असेल, तर २३० व्होल्टला ७.४ किलोवॅट ही त्याची हद्द झाली. खांब कितीही मोठा असला तरी त्यापलीकडे काही मिळणार नाही. डीसी जलद चार्जर हा टप्पा वगळून थेट बॅटरीला वीज देतो. रात्रभराच्या मुक्कामाला मात्र ७ किलोवॅट पुरेसे आहेत : आठ तासांत आपली नमुना गाडी जवळपास रिकामी असली तरी भरते.

प्रश्न : डोंगराळ रस्त्यावर गाडीची टक्केवारी डोळ्यांदेखत उतरते. उतारावर ती सगळी परत मिळते, असे ऐकले आहे. ते कितपत खरे?

सगळी मिळत नाही, पण भीती वाटते त्यापेक्षा बरीच जास्त मिळते. आपली गाडी १,००० मीटर उंच चढवायला वजन उचलण्यापुरतीच ४.९ युनिट वीज लागते; यंत्रणेतील घट धरून साधारण साडेपाच. सपाट रस्त्यावर ताशी १०० ने ३५ किलोमीटर जाण्याचा हा खर्च चढणीच्या नेहमीच्या खर्चात मिळवावा. उतरताना यातील काही भाग गाडी पुढे ढकलण्यातच कामी येतो, म्हणजे तेवढा वेळ बॅटरीतून वीज जवळपास जातच नाही. ही बचतही कमाईच मानली पाहिजे. उरलेली ऊर्जा मोटर जनित्रासारखी फिरून बॅटरीत भरते, मात्र जाताना आणि येताना दोन्ही वेळा थोडी घट होते. चढण कोणत्या टप्प्यात आहे, हे निघण्यापूर्वी पाहून घ्यावे. टप्प्याच्या शेवटी चढण असेल, तर शिल्लक नेहमीपेक्षा जास्त ठेवावी, कारण तिची भरपाई करणारा उतार चार्जरच्या पलीकडे असतो.

डोंगरमाथ्यावर मुक्काम असेल आणि सकाळी सुरुवातीलाच मोठा उतार लागणार असेल, तर बॅटरी १०० टक्के भरू नये. भरलेल्या बॅटरीत परत आलेली वीज घ्यायला जागा नसते, त्यामुळे गाडीचे रिजनरेशन, म्हणजे वेग रोखताना वीज परत मिळवणे, फार कमी होते किंवा बंद पडते आणि सगळा भार नेहमीच्या ब्रेकवर येतो. ८५ टक्क्यांवर निघाल्यास वीजही मिळते आणि ब्रेकही तापत नाहीत.

सपाट महामार्गावर मात्र रिजनरेशनकडून फार अपेक्षा ठेवू नये. तेथे पुढच्या गाडीशी पुरेसे अंतर ठेवून वेग एकसारखा राखणे, हीच खरी बचत आहे. वेग वाढवून पुन्हा कमी केला, की परत मिळणारी वीज दिलेल्यापेक्षा नेहमीच कमी असते.

प्रश्न : एसी आणि हीटर यांनी रेंज किती घटते? वाहतूक कोंडीत अडकलो आणि वीज संपली तर, या भीतीने आम्ही एसी बंद ठेवतो.

तो त्रास घेऊ नये. उन्हात तापलेली गाडी थंड करताना एसीला सुरुवातीला अधिक शक्ती लागते. नंतर साधारण एक किलोवॅट किंवा त्याहून कमी पुरते. ताशी १०० ने जाताना एक किलोवॅट म्हणजे किलोमीटरमागे १० वॅट-तास, एकूण खर्चाच्या सहा टक्क्यांच्या आसपास. पूर्ण थांबलेल्या कोंडीत एसीने तासाला एक युनिट घेतले, तर ६० युनिटांच्या बॅटरीचे दोन टक्केही जात नाहीत.

हीटरचे गणित वेगळे आहे. इंजिनाची आयती उष्णता येथे नसते. साधा विद्युत हीटर कडाक्याच्या थंडीत तीन ते पाच किलोवॅट घेतो, म्हणजे ताशी १०० ला खर्च २० टक्के किंवा त्याहून अधिक वाढतो. ज्या गाडीत हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारी यंत्रणा, असतो, ती तेवढीच ऊब निम्म्या किंवा त्याहून कमी विजेत देते, मात्र तापमान फार खाली गेले की तिचा हा फायदा आटतो. आसने गरम करण्याची सोय असेल, तर ती आधी वापरावी. तिला एका आसनासाठी १०० वॅटच्या आतबाहेरच वीज लागते. निघण्यापूर्वी चार्जर जोडलेला असतानाच गाडी गरम किंवा थंड करून घेतली, तर तो सुरुवातीचा मोठा खर्च बॅटरीवर पडत नाही.

प्रश्न : टपावर सामानाची पेटी लावल्याने खरेच एवढा फरक पडतो का?

पडतो, आणि वेगाबरोबर तो वाढतो. महामार्गावर टपावरच्या पेटीने खर्च १० ते २५ टक्के वाढणे नेहमीचे आहे. हवेचा विरोध गाडीच्या एकूण रूपावर ठरतो; एक भाग सुबक असून भागत नाही. कामीय जेनात्झी या बेल्जियन शर्यतपटूने २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ ‘ला जामे कोंतांत’ या विजेच्या गाडीतून ताशी १०० किलोमीटरचा टप्पा ओलांडला, तेव्हा त्या गाडीचे धड पाणतीरासारखे निमुळते होते, पण चाके बाहेर आणि चालकाचे छातीपर्यंतचे शरीर वाऱ्यात. आकाराचा बराचसा फायदा त्यामुळे वायाच जात असणार. आजच्या काळजीपूर्वक घडवलेल्या गाडीवर पेटी बसवताना आपण तेच करतो. शक्य असेल तर सामान आत घ्यावे, आणि पेटी रिकामी असेल तेव्हा ती काढून ठेवावी.

समोरच्या वाऱ्याकडेही असेच लक्ष हवे. ताशी २० किलोमीटरचा वारा समोरून असेल, तर ताशी १०० ने जाणारी गाडी निवांत हवेत १२० ने जाताना जेवढी वीज घेते जवळपास तेवढीच घेते, आणि आत बसलेल्याला ते कळतही नाही. टायरमधली हवा गार टायरवर, दाराच्या खांबावरील तक्त्याप्रमाणे भरावी. तापमान १० अंशांनी उतरले, की दाब दीड-दोन पीएसआयने कमी होतो.

प्रश्न : रोज ८० टक्केच भरा, असे सगळे सांगतात. मग प्रवासाआधी १०० टक्के भरल्याने आणि एका दिवसात तीन वेळा जलद चार्जिंग केल्याने बॅटरी खराब होईल का?

बॅटरीला त्रास होतो तो भरलेल्या अवस्थेत, विशेषतः उन्हाळ्यात, दिवसेंदिवस पडून राहण्याने. रात्री चार्जिंगला लावून निघायच्या सुमारास ती १०० टक्क्यांवर पोहोचेल अशी वेळ लावली आणि लगेच प्रवासाला निघालात, तर काळजीचे कारण नाही. बॅटरी निकेल-मँगनीज-कोबाल्टची आहे की लोह-फॉस्फेटची, हे मात्र माहीत करून घ्यावे. पहिल्या प्रकारात रोजच्या वापरासाठी ८० टक्क्यांचा सल्ला योग्य आहे. दुसऱ्या प्रकारात बॅटरी बहुतांश भरलेली असो वा अर्धी, तिचा व्होल्टेज जवळपास सारखाच राहतो, त्यामुळे शिल्लक किती याचा गाडीचा अंदाज हळूहळू चुकू लागतो. तो सुधारावा म्हणून अशा गाड्यांचे उत्पादक ठरावीक काळाने १०० टक्के भरायला सांगतात. हे न करता थेट लांबच्या प्रवासाला निघणे धोक्याचे आहे, कारण पडद्यावरची टक्केवारी शेवटच्या टप्प्यात अचानक खाली येऊ शकते.

प्रवासातल्या जलद चार्जिंगने बॅटरी बिघडत नाही. तिचे तापमान आणि प्रवाह सांभाळणारी यंत्रणा त्यासाठीच आहे. वर्षानुवर्षे रोज केवळ जलद चार्जिंगवरच गाडी चालवणे ही निराळी गोष्ट.

प्रश्न : पडद्यावर १६० किलोमीटर दिसत होते, चार्जर १३० किलोमीटरवर होता, तरी मध्येच गाडीने धोक्याची सूचना दिली. मग विश्वास कशावर ठेवायचा?

पडद्यावरचे किलोमीटर बहुधा तुमच्या अलीकडच्या चालवण्याच्या सरासरीवरून काढलेले असतात. शहरातून नुकतेच बाहेर पडलेल्या गाडीला पुढचा महामार्ग, चढण आणि वारा ठाऊक नसतो. किलोमीटरऐवजी टक्केवारी दाखवण्याची सोय निवडावी आणि गेल्या २०-३० किलोमीटरचा प्रत्यक्ष खर्च पाहून स्वतः भागाकार करावा. चार्जरवर पोहोचताना १० ते १५ टक्के उरतील असे नियोजन ठेवावे, आणि तो बंद निघाला तर त्या शिल्लकीत दुसऱ्या कोणत्या चार्जरवर जाता येईल, हे आधीच पाहून ठेवावे. आपल्या नमुना गाडीच्या १० टक्क्यांत ताशी १०० ने सुमारे ३८ किलोमीटर होतात.

वीज कमी पडेल असे वाटले, तर वेग ताबडतोब कमी करावा. वाट पाहू नये. शिल्लक २० युनिट आणि अंतर १३० किलोमीटर असताना ताशी ११० ने गाडी ११५ किलोमीटरवर थांबेल, पण लगेच ताशी ९० वर आलात तर ती १४० च्या पुढे जाऊ शकते. हाच निर्णय ६५ किलोमीटर गेल्यावर घेतला, तर मात्र उरलेल्या विजेत चार्जर दोन-तीन किलोमीटरवर राहतो.

प्रश्न : नवी गाडी घ्यायची आहे आणि वापर मुख्यतः लांबच्या प्रवासाचा आहे. बॅटरी मोठी पाहावी की चार्जिंगची कमाल शक्ती?

दोन्हींच्या आधी महामार्गावरचा खर्च पाहावा, आणि कमाल शक्तीऐवजी १० ते ८० टक्के भरायला लागणारी मिनिटे विचारावीत. आपल्या ६० युनिटांच्या गाडीला समजा त्यासाठी २८ मिनिटे लागतात. तिच्या शेजारी ८० युनिटांची, उंच आणि जड गाडी ठेवू. ती ताशी १०० ला किलोमीटरमागे २०० वॅट-तास घेते आणि १० ते ८० टक्के भरायला ४८ मिनिटे लावते. पूर्ण भरून निघाल्यावर १० टक्के उरेपर्यंत पहिली ३४५ किलोमीटर जाईल आणि दुसरी ३६०. बॅटरी एक-तृतीयांशाने मोठी असूनही फरक एवढाच. थांब्यानंतर पहिलीला २८ मिनिटांत सुमारे २७० किलोमीटर मिळतात, तर दुसरीला ४८ मिनिटांत २८०.

तुमच्या नेहमीच्या वाटेवर चार्जर विरळ असतील, तर साठ्याला महत्त्व आहेच, आणि काटकसरी गाड्यांत मोठ्या बॅटरीची गाडी जरूर निवडावी. वाटेतले चार्जर २५-३० किलोवॅटचेच असतील, तर जलद चार्जिंगच्या क्षमतेचा दोन्ही गाड्यांना उपयोग नाही. खर्चातला फरक मात्र तेथेही चुकत नाही : २५ किलोवॅटच्या चार्जरवर तासभर थांबल्यास पहिल्या गाडीला १६० किलोमीटर मिळतील आणि दुसरीला १२५.